तेव्हा पगार पुरायचा

लक्ष्मी रस्त्यावर सोमवारी खरेदीला जायचं नसतं, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नसे. बहुतेक दुकानांची शटरं खाली असायची आणि रस्ता मुळात किती रुंद आहे ते त्या एका दिवशी दिसायचं. बाहेरगावचं एखादं लग्नघर बस्त्याची यादी घेऊन नेमकं सोमवारी उतरायचं आणि सिटी पोस्टापाशी हताश उभं राहायचं. आता सोमवारीही बराचसा रस्ता उघडा सापडतो. 2017 च्या महाराष्ट्राच्या नव्या दुकान कायद्यानं वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली. सुट्टी दुकानाला नाही, माणसाला द्यायची, तीही आळीपाळीनं. गिऱ्हाईक म्हणून मला ही सोय आवडते. दुकानातल्या नोकराचा मुलगा म्हणून तितकीशी आवडत नाही.

सोमवारची ती सुट्टी कुणा शेठजींच्या दयाबुद्धीतून आलेली नव्हती. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, 1939 साली, मुंबई प्रांतानं दुकानांतल्या नोकरांसाठी देशातला पहिला कायदा केला. स्वातंत्र्यानंतर 1948 साली त्याच्या जागी मोठा कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48, सलग पाच तास काम झालं की तासाभराची विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस दुकानाला टाळं. इन्स्पेक्टर खरंच फेरी मारायचा. तो कोपऱ्यावर दिसला की रस्ताभर कुजबूज पसरायची आणि वेळ संपूनही अर्धं उघडं असलेलं शटर धाडकन खाली यायचं.

आमचे अण्णा अशाच एका साड्यांच्या दुकानात नोकरीला होते. त्यांची सुट्टी सोमवारी, आमची शाळेची रविवारी. त्यामुळे घरातली सगळी माणसं एकाच दिवशी दिवसभर घरात, हा योग वर्षातून मोजकाच यायचा. त्यातला एक अनंत चतुर्दशीचा. विसर्जनाची मिरवणूकच लक्ष्मी रस्त्यावरून जायची, तेव्हा दुकान उघडणार कुठून! सोमवारी अण्णा दुपारी झोपायचे. आम्ही शाळेतून आलो की आई ओठांवर बोट ठेवून दारातच उभी असायची.

दुकानात खुर्च्या नव्हत्या. पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, भिंतीला लोड, मागं छतापर्यंत फळ्या. गिऱ्हाईक एका बाजूला मांडी घालून, अण्णा दुसऱ्या बाजूला. मधल्या जागेत साड्यांचा ढीग वाढत जायचा. पुरुषांनीच बायकांना साड्या विकायच्या असा तो काळ. मिशा असलेला माणूस खांद्यावरून पदर सोडून, निऱ्यांची चार बोटं धरून ‘हा असा पडेल, वहिनी’ म्हणायचा आणि कुणालाही हसू यायचं नाही. अण्णांचं बोलणं बेताचं, पण हात बोलायचा. इरकल कुठली आणि इरकलीसारखी दिसणारी कुठली, नारायणपेठीचा काठ किती पाण्यांनंतर विटेल, जर खरी की नुसती चमक, हे त्यांना घडी उलगडायच्या आधी, कापड चिमटीत धरल्याबरोबर कळायचं. एखाद्या चिकित्सक आजींना शंका आलीच तर पदराच्या दशीतला एक धागा काढून ते गल्ल्यावरच्या उदबत्तीला लावायचे. जळक्या केसांचा वास आला आणि राखेचा चुरा झाला की रेशीम. मग आजी पुढची साडी मागायच्या. घासाघीस एका साडीची आणि ढीग चाळीसचा. गिऱ्हाईक उठलं की चाळीस घड्या पुन्हा जशाच्या तशा, जुन्याच मोडीवर, घालायच्या. नवा पोऱ्या घड्याच घालायचा. वर्षभर तो गादीवर गिऱ्हाइकासमोर बसायचा नाही.

ही विद्या कुठल्या शाळेत मिळत नव्हती आणि पगारात कुठं दिसतही नव्हती. पगाराचं म्हणाल तर त्याची पावती अशी मी आमच्या घरात कधी पाहिली नाही. महिन्याच्या पाच-सहा तारखेला शेठजी एकेकाला गल्ल्याशी बोलावत, रजिस्टर पुढं करत, रेव्हेन्यू स्टँपवर सही होई. रजिस्टरवरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांचं जमतंच असं नव्हतं. सही मोठ्या आकड्यावर, नोटा लहान आकड्याच्या. अण्णांनी हे आम्हाला सांगितलं ते निवृत्त झाल्यावर, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. पानसुपारीच्या पद्धती सांगाव्यात तसं सांगितलं.

आणि तरीही अण्णा शेठजींचं नाव आदरानं घेत. माझ्या धाकट्या भावाच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला शेठजींनी रात्री माणूस पाठवून पैसे दिले होते. आत्याच्या लग्नात शालू खरेदीच्या भावात. दिवाळीला एक पगार बोनस, आईला एक साडी, आम्हाला कटपीसचे शर्ट. बोनस खरं तर 1965 च्या कायद्यानं बऱ्याच ठिकाणी हक्काचा झाला होता, पुढं निदान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाला एक पगार. पण लाल पाकिटात घालून, वर पेढा ठेवून दिला की तो प्रसाद व्हायचा. ऑपरेशनचे पैसेही उचल म्हणूनच लिहिलेले होते. ते तीन वर्षं पगारातून वळते झाले. त्याच काळात पलीकडच्या दुकानानं अण्णांना महिन्याला पन्नास रुपये जास्त देऊ केले होते. अण्णा गेले नाहीत. ‘ज्यानं मुलगा वाचवला त्याच्या समोरच्या गादीवर जाऊन बसू?’ असं आईला म्हणाल्याचं मला आठवतं. महिन्याला पन्नास, याप्रमाणे वीस वर्षांचा हिशेब मांडला तर त्या ऑपरेशनचं व्याज बरंच जबर पडलं. पण असा हिशेब मांडणारा मी. त्यांनी तो कधी मांडला नाही.

आमच्या पिढीतल्या चार जणांनी एकत्र बसून जुन्या पगारांचा विषय काढला की कुणीतरी सोन्यावर येतंच. 1975 च्या सुमाराला दहा ग्रॅम सोनं साधारण साडेपाचशे रुपयांना होतं. दुकानातला जुना माणूस दोन महिन्यांच्या पगारात ते घेऊ शकत होता, निदान कागदावर. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पार गेला आणि मॉलमधल्या मुलीला त्यासाठी निदान सात महिन्यांचा अख्खा पगार ओतावा लागेल. ऐकणारे मान हलवतात. मला हा हिशेब फसवा वाटतो. अण्णांनी दोन पगारांचं सोनं कधी घेतलं नाही, घेणं शक्यही नव्हतं. पगार पुरायचा तो तांदळाला, रॉकेलला, वह्यांना. तो कशामुळे पुरायचा हे पाहायचं तर सराफ कट्ट्यावर नाही, आमच्या कसबा पेठेतल्या वाड्यात जायला हवं.

दोन खोल्या, भाडं महिना अकरा रुपये. आजोबांनी घेतल्या तेव्हाही जवळपास तेवढंच आणि मी कॉलेजात गेलो तेव्हाही तेवढंच. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी जिथल्या तिथं गोठवून ठेवली होती. मालक आम्हाला शिव्या घालायचे, गळणारं कौल बदलायचे नाहीत, चौकातला संडास सात बिऱ्हाडांत एक; पण अकराचे बारा करणं त्यांच्या हातात नव्हतं. ज्वारी, साखर आणि रॉकेल रेशनवर. शाळा महापालिकेची, दप्तर थोरल्या भावाचं. अण्णा दुकानात चालत जायचे, दुपारी जेवायला चालत घरी यायचे, तासाभरात परत. बसचं तिकीट नाही, बाहेरचा चहा नाही, डबा नाही. आजारपणाला ससून. म्हणजे शेठजी जो पगार देत त्याच्या खाली सरकारनं, महापालिकेनं आणि आमच्या त्या चिडक्या घरमालकानं मिळून एक चौथरा बांधलेला होता, आणि त्या चौथऱ्यावर उभा राहून तो ठेंगणा पगार उंच दिसायचा. श्रेय मात्र सगळं शेठजींना मिळालं. ‘त्या काळी मालक नोकरांना घरच्यासारखं वागवायचे’ हे वाक्य मी इतक्या लग्नांत, इतक्या पंगतींत ऐकलं आहे की आता मी वाद घालत नाही, मठ्ठा मागतो. पण नोकराला घर देत होता तो भाडेनियंत्रण कायदा. त्याची किंमत शेठजींनी मोजलीच नव्हती, वाड्याच्या मालकानं मोजली होती, आणि त्या बिचाऱ्याचा फोटो कुणाच्या भिंतीवर नाही.

पगार किती असावा याचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे झालाच नाही असं नाही. उलट, फार लवकर झाला. 1948 साली किमान वेतन कायदा झाला आणि त्याच सुमाराला एका सरकारी समितीनं किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं तर मोजमापच ठरवून दिलं. कमावणारा एक, खाणारी तोंडं तीन माणसांच्या हिशेबाची, अन्न माणशी 2,700 उष्मांक, कापड चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार, वर घरभाडं, जळण, दिवाबत्ती. 72 वार म्हणजे आठ नऊवारी साड्या. अण्णा एवढं कापड सकाळच्या चहाच्या आत उलगडून पुन्हा घडी घालत असत. त्यात मुलांची शाळा, औषधपाणी, सणवार, म्हातारपण हे काही धरलेलं नव्हतं. त्यासाठी आणखी 25 टक्के धरा असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात, 1991 मध्ये. तोवर अण्णांचे गुडघे गेले होते.

या मोजमापाचा आणि गल्ल्याशी बसून ठरणाऱ्या पगाराचा संबंध मात्र फार दूरचा. महाराष्ट्र सरकारनं जुलै 2019 मध्ये दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी किमान वेतन सुधारलं, तेव्हा मोठ्या शहरांच्या परिमंडळात अकुशल कामगाराचं महिन्याचं मूळ वेतन ठरलं 10,021 रुपये आणि कुशल कामगाराचं 11,632. वर सहामाही विशेष भत्ता वेगळा. मी हे दोन आकडे शेजारी लिहून वजाबाकी केली. ज्याला काहीच येत नाही आणि ज्याला सगळं येतं त्या दोघांत 1,611 रुपयांचं अंतर. चिमटीतली ती इरकल, ती उदबत्ती, ते घडीवर घडी मोडत गेलेलं वर्ष, सगळं त्या सोळाशे अकरात बसवायचं.

गंमत अशी की ज्याला दुकानातले पांढऱ्या शर्टातले लोक आपल्यापेक्षा खालचा समजत, तो हमाल त्यांच्या पुढं निघून गेला. गाठोडी वखारीतून दुकानाच्या दारापर्यंत आणणारा माणूस उघड्या अंगानं भांडला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं, मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडींनी ते भांडण लावून धरलं आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. मजुरीवर लेव्ही, बोर्डात नोंद, भविष्यनिर्वाह निधी, बोनस. मालक दहा असले तरी हक्क एका ठिकाणी जमा. आणि तेच गाठोडं आत सोडणारा आमचा अण्णा युनियनचं नाव काढलं की आवाज खाली आणायचा. इस्त्रीच्या कॉलरला भांडण शोभत नाही असं त्याला शिकवलेलं होतं. शिवाय तो स्वतःला दुकानाचा नोकर समजतच नव्हता, दुकानातला समजत होता. शेठजींना ही समजूत फार स्वस्तात पडली, असं मी आता म्हणतो. घरात मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आता माझ्या मामेबहिणीच्या मुलीकडे येतो. बार्शीची आहे, बी.कॉम. झाली आणि नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दालनात लागली. दुकानाला ती ‘फ्लोअर’ म्हणते. तिला पगाराची पावती मिळते, मोबाइलवर, ओळन् ओळ वाचता येईल अशी. मूळ वेतन, भत्ता, पीएफ, ईएसआय, हातात 14,300. रजिस्टरवर मोठ्या आकड्याला सही कर असं तिला कुणी सांगू धजणार नाही. बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आहे हे तिला लग्न ठरायच्या आधीच ठाऊक आहे. आणि शेजारच्या दालनात बाराशे रुपये जास्त मिळतात म्हटल्यावर तिनं महिनाभराची नोटीस दिली आणि गेली. कुणाच्या उपकाराचा विचार करत रात्र काढली नाही. मॅनेजरनं ‘आम्ही तुला शिकवलं’ वगैरे सुरू केलं तर ही म्हणाली, ‘सर, रिलीव्हिंग लेटर कधी मिळेल?’ मला तिचं कौतुक वाटलं आणि अण्णांची दया आली, दोन्ही एकदम.

पण ती उभी असते. दुपारी एक ते रात्री दहा, मधली जेवणाची वेळ सोडली तर अखंड. गादी गेली तशी बसायची जागाही गेली. दालनात स्टूल नाही, गिऱ्हाईक नसलं तरी भिंतीला टेकायचं नाही, कॅमेरा असतो. अण्णांचे गुडघे मांडी घालून घालून गेले, हिच्या टाचा पंचविशीतच दुखतात. केरळात याच गोष्टीवर लढा झाला. कोझिकोडच्या मिठाई तेरुवूतल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका पी. विजी यांच्याभोवती जमल्या. आधी स्वच्छतागृह मागितलं, मग बसायचा हक्क, आणि 2018 मध्ये केरळनं दुकान कायद्यात तशी दुरुस्ती केली. तमिळनाडूनं 2021 मध्ये केली. बाकड्यासाठी विधानसभेपर्यंत जावं लागतं, हे अण्णांना पटलं नसतं. बसणं त्यांच्या कामातच होतं.

निघताना तिची पर्स उघडून पाहतात. फोन कामावर आल्यापासून लॉकरमध्ये. आठवड्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी, शनिवार-रविवार मागायचाच नाही. म्हणजे आमच्या घरात जे सोमवारनं केलं तेच आता सगळ्या आठवड्यानं करायचं ठरवलेलं दिसतं. टार्गेट महिन्याला वाढतं, इन्सेन्टिव्ह टार्गेटच्या नव्वद टक्क्यांनंतर सुरू होतो. कापडाबद्दल तिला कुणी काही शिकवलेलं नाही. लेबलवर लिहिलेलं असतं तेवढं ती सांगते. एकदा मी तिला ती जळत्या धाग्याची परीक्षा सांगितली तर म्हणाली, ‘मामा, दालनात काडी पेटवली तर फायर अलार्म वाजेल आणि माझी नोकरी जाईल.’

माझा एक शाळूसोबती अजून त्याच रस्त्यावर दुकान चालवतो. त्याच्याकडे हा विषय काढला की तो बिल-बुकं माझ्यासमोर टाकतो. ‘अरे, मी पंधरा हजार देतो ते तुला कमी वाटतात. गिऱ्हाईक येतं, साडी अंगावर लावून बघतं, फोटो काढतं आणि घरी जाऊन फोनवर मागवतं. पोराला सहा महिने शिकवतो आणि तो मला सोडून पार्सलं पोचवायला जातो. का तर तिथं जास्त सुटतात. मी वाढवायचे आणि समोरच्यानं नाही वाढवायचे, मग मी कुठं जाऊ?’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. एकट्या दुकानदारानं चांगुलपणा दाखवून हे सुटणारं नाही. म्हणूनच तर कायद्यानं शटर सगळ्यांना एकदम खाली ओढायला लावलं होतं. एकट्यानं सोमवारी बंद ठेवलं असतं तर त्याचं गिऱ्हाईक शेजारी गेलं असतं.

पण बाकीचं मला पटत नाही आणि मी त्याला तसं सांगतो. जागेचं भाडं वाढलं की हा निमूट भरतो. एसीचं बिल येतं ते भरतो. ‘परवडत नाही, अर्धं घ्या’ असं वीज कंपनीला सांगायची त्याची छाती होत नाही. परवडण्याची चर्चा सुरू होते ती फक्त माणसाच्या पगारापाशी आल्यावर. त्यावर तो हसतो आणि चहा मागवतो. चहा आणणारा पोरगा बारा तास तिथं असतो. दुकानात एकूण माणसं सात. 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेली दुकानं बहुतेक अटींतून वगळली, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

चौथरा तर कधीच गेला. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या भाड्यांवर वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली, ते एक वेळ सोसलं असतं. पण वाडेच पडले. आमच्या वाड्याच्या जागी सात मजली इमारत आहे आणि तिच्यातल्या दोन खोल्यांना महिना अठरा हजार पडतात. भाची चंदननगरला चौघींत एक खोली घेऊन राहते. कॉटचं भाडं 4,800, मेस 3,200, बसचा पास, फोन, गावाकडे दोन हजार. तिच्या हातात येणारा पगार आणि अण्णांचा पगार यांची तुलना करायची तर आधी हा अकरा रुपयांचा आकडा मधून काढावा लागतो, आणि तो काढला की अण्णांचा पगारही उघडा पडतो. तेव्हाही तो कमीच होता. फरक इतकाच की तेव्हा कमी पगारावर माणूस पुण्याच्या मध्यात चालत कामाला जाऊ शकत होता.

वेतनसंहिता संसदेनं 2019 मध्ये केली आणि 21 नोव्हेंबर 2025 ला ती लागू झाली. तिच्या केंद्रीय नियमांचा 2020 मध्ये निघालेला मसुदा मी भाचीला एका बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, वाचून दाखवला. मोजमाप बरंचसं 1957 चंच, वारांचे मीटर झालेले. कुटुंबाला वर्षाला 66 मीटर कापड. अन्न तेच, 2,700 उष्मांक. आणि घरभाडं म्हणून अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या दहा टक्के. तिनं फोनवर हिशेब केला. चांगलं खायचं-ल्यायचं म्हणून तिनं सढळ हातानं महिन्याला नऊ हजार धरले होते.

‘नऊशे,’ ती म्हणाली. ‘मामा, हे ज्यांनी लिहिलंय त्यांना पुण्यात नऊशेची खोली कुठं आहे ते तेवढं विचारून ठेवा. एक तारखेला मी सामान घेऊन येते.’